वृत्त, छंद आणि कवितेचा अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कविता वाचणाऱ्या आणि लिहू पाहणाऱ्या मंडळींशी बोलताना हे प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. उदाहरणादाखल दिलेल्या ओळी मी इथल्यापुरत्या रचल्या आहेत. त्यांना कविता म्हणून गुण देऊ नका. सुतार लाकडाचा तुकडा कापून दाखवतो, तसं समजा.

अर्थ तर शब्दांत असतो. ओळ कुठल्या वृत्तात आहे याने काय फरक पडतो?

एक साधं वाक्य घेऊ. ‘दार उघडं आहे, पण कोणी येत नाही.’ यात माहिती आहे, तक्रारही थोडी आहे. बाकी काही नाही. हेच अभंगात घातलं तर असं होईल:

उघडेच दार । वाट पाहे घर ।
दूर वाटेवर । नाही कोणी ॥

मोठ्या अभंगाचा साचा ठरलेला आहे: पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. कानाला तीनदा सहाची सवय होते. चौथ्या वेळी, अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं होतं. ‘नाही कोणी’ म्हणून झालं, तरी दोन अक्षरांची जागा रिकामी उरते. कोणी आलेलं नाही हे शब्द सांगतातच. पण ते ‘नसणं’ ऐकू येतं ते त्या दोन न आलेल्या अक्षरांत. वाक्यात ही सोय नव्हती.

आता तोच मजकूर भुजंगप्रयातात:

उभे दार आहे खुले सांजवेळी
कुणी येत नाही तरी वाट पाहे

इथे दर ओळीत बारा अक्षरं, आणि ल-गा-गा (लघु-गुरु-गुरु) हा एकच तुकडा चारदा. एक हलकं, दोन जड, पुन्हा एक हलकं, दोन जड. ही चाल थांबत नाही, डगमगत नाही. त्यामुळे अभंगातलं पोरकेपण इथे गेलं आणि हट्ट आला. ‘तरी’ हा शब्द नेमका दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, नव्या तुकड्याच्या तोंडाशी पडला आहे. गद्यात तो सहज घसरून गेला असता, इथे तो पाय रोवून उभा राहतो. दार आता वाट पाहणारं राहिलेलं नाही, वाट पाहायचीच असं ठरवून बसलेलं आहे.

आणि तिसरा प्रकार, सोळा मात्रांचा (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन):

दार उघडले, वाट पाहिली
कोणी नाही, कोणी नाही

आठ आणि आठ. पोरांनी फेर धरून म्हणावं तसं. ही ओळ मला तिन्हींत जास्त अस्वस्थ करते. ताल खेळाचा आणि मजकूर रितेपणाचा, आणि दोघं एकमेकांकडे बघायला तयार नाहीत. बा. सी. मर्ढेकरांनी पिपात मेलेल्या उंदरांवर जी कविता लिहिली, तिची ओळही अशीच सोळा मात्रांची, आठ-आठ अशी दुभंगणारी आहे. विषय ओकारी यावी असा आणि लय बालगीताला शोभेल अशी. ती कविता संथ, गंभीर वृत्तात असती तर वाचकाने सोयीस्कर हळहळ व्यक्त केली असती आणि पान उलटलं असतं.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर: बातमी तीच राहते, बोलणारा बदलतो. आणि कवितेत कोण बोलतंय, कुठल्या सुरात बोलतंय, हा अर्थाचा लहानसा भाग नव्हे.

वृत्त, छंद, जाती: हे सगळं एकच का?

बोलताना आपण एकच धरतो. नेमकेपणाने सांगायचं तर तीन प्रकार आहेत. अक्षरगणवृत्तात अक्षरांची संख्याही ठरलेली आणि कुठलं अक्षर लघु, कुठलं गुरु हा क्रमही ठरलेला. भुजंगप्रयात, मालिनी, मंदाक्रांता, शार्दूलविक्रीडित ही या घराण्यातली. मात्रावृत्तात, म्हणजे जातीत, मात्रांची बेरीज आणि तिचे गट पाहायचे. अक्षरं कमीजास्त चालतात. पादाकुलक, दिंडी, आर्या ही इथली मंडळी. छंदात केवळ अक्षरं मोजायची, लघु-गुरूचं बंधन नाही. अभंग आणि ओवी या खात्यात येतात.

या सगळ्याची बारकाईने मांडणी हवी असेल तर माधव जूलियन यांची ‘छंदोरचना’ पाहावी. जाडजूड आहे, एका बैठकीत वाचायची नाही.

लघु-गुरु ओळखायचे कसे?

ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघु, एक मात्रा. दीर्घ स्वराचं गुरु, दोन मात्रा. ए, ऐ, ओ, औ हे दीर्घच. स्पष्ट उच्चाराचा अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर गुरु. पुढे जोडाक्षर असेल आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर ते मागचं अक्षर गुरु: ‘सत्य’मधला ‘स’ गुरु. पण ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘पुन्हा’ यांत आघात येत नाही, म्हणून ‘तु’ आणि ‘पु’ लघुच. इथे पुस्तकापेक्षा जीभ विश्वासू.

तीन अक्षरांचा एक गण. आठ गण लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र आहे. ज्या गणाचं अक्षर हवं तिथून तीन अक्षरं घ्या: ‘यमाता’ म्हणजे लघु-गुरु-गुरु, हा य गण. ‘नसल’ म्हणजे तिन्ही लघु, न गण. शाळेत हे घोकून घेतलं की लोकांचं कवितेवरचं प्रेम आटतं, म्हणून माझा सल्ला: आधी दहा ओळी मोठ्याने म्हणा, मग मोजा.

अमुक वृत्त करुण, तमुक वृत्त वीररसाचं, असं खरोखर असतं का?

अर्धं खरं आहे. वृत्ताच्या अंगात काही गोष्टी असतात आणि काही त्याला सवयीने चिकटतात. दोन्ही वेगवेगळ्या काढायला हव्यात.

अंगातली गोष्ट म्हणजे जड आणि हलक्या अक्षरांची वाटणी. मंदाक्रांता घ्या. सतरा अक्षरं. सुरुवातीला चार गुरु, मग सलग पाच लघु आणि एक गुरु, मग गा-ल-गा-गा-ल-गा-गा असा झोका. नावाचाच अर्थ हळू पावलं टाकणारी. वरचं दार याही वृत्तात बसवून पाहू:

दारी कोणी अजुन न दिसे, वाट ही लांबलेली

‘दा-री-को-णी’ चार पावलं सावकाश. मग ‘अजुन न दिसे’ हे सगळं एका दमात, घाईने, डोळे बारीक करून बघितल्यासारखं. आणि शेवटी ‘वाट ही लांबलेली’ हे लांबणारं. वाट पाहणाऱ्या माणसाचं मन असंच चालतं: बराच वेळ काही नाही, मध्येच धावपळ, पुन्हा काही नाही. कालिदासाने अख्खं मेघदूत या एका वृत्तात का लिहिलं असावं, याचा अंदाज ओळ दहा वेळा म्हटली की येतो.

चिकटलेली गोष्ट वेगळी. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, २०५ श्लोक. मराठी कान पिढ्यान्‌पिढ्या ते ऐकत आला. त्यामुळे आज कुणीही भुजंगप्रयातात चार ओळी लिहिल्या की त्यांतून उपदेशाचा वास येतो, मग त्या प्रेमाच्या असोत की पावसाच्या. हे वृत्ताचं कर्तृत्व नाही, स्मृतीचं आहे. पण कवीला ती स्मृती टाळता येत नाही. तिच्यासोबत जायचं की तिची गंमत करायची, एवढंच त्याच्या हातात.

त्याच रामदासांनी करुणाष्टकांत, ‘अनुदिनि अनुतापे’पासून पुढे, मालिनी हाताळली आहे. मालिनीत ओळ उघडते तीच सलग सहा लघूंनी, आणि लगेच गुरूंचा थर येतो. श्वास भराभर यावा आणि मग उसासा पडावा, तसं. मनाला दटावायचं तेव्हा ठाम ल-गा-गा. देवापुढे रडायचं तेव्हा ही धाप. माणूस तोच. वृत्त म्हणजे नुसता साचा असता तर त्याला दोन लागले नसते.

यती म्हणजे श्वास घ्यायची जागा, एवढंच ना?

लांब वृत्तांत श्वासाची सोय तर हवीच. पण विसावा कुठे पडतो यावर अर्थ कुठे लोंबकळतो हे ठरतं. शार्दूलविक्रीडितात १९ अक्षरं आणि बाराव्यावर यती. ही ओळ पाहा:

आला तो परतून आज, न कळे दारात थांबे कसा

बाराव्या अक्षरावर, म्हणजे ‘न कळे’वर, थांबायचं. तेवढ्या क्षणात वाचकाच्या हातात काय असतं? तो परत आला, आणि कळत नाही. काय कळत नाही? का आला ते? ओळखू आला की नाही ते? मग उरलेली सात अक्षरं येतात आणि प्रश्न लहान होतो: आत का येत नाही, एवढंच. तो मधला गोंधळ ओळीचा खरा ऐवज आहे, आणि तो शब्दांनी लिहिलेला नाही. यतीने लिहिलाय.

मग यतिभंग ही चूकच का?

परीक्षेत चूक. कवितेत तपासून सांगावं लागेल. मंदाक्रांतेत पहिला यती चौथ्या अक्षरावर येतो. आता ही ओळ:

दारी काळोख पसरुनि तो वाट पाहून राही

चौथं अक्षर आहे ‘ळो’. कान म्हणतो थांब, शब्द म्हणतो अजून माझा ‘ख’ बाकी आहे. तो ‘ख’ विसाव्याची सीमा ओलांडून पुढच्या हलक्या, धावत्या अक्षरांत सांडतो. आणि ओळ सांगते काय आहे? काळोख पसरण्याबद्दल. इथे शब्दाने तेच केलं जे तो सांगतोय. हीच मोडतोड ‘दगड’ किंवा ‘भिंत’ या शब्दाची झाली असती तर मी तिला चूकच म्हटलं असतं.

यात एक गोची आहे ती कबूल करतो. आवडत्या कवीचा यतिभंग आपल्याला सहेतुक वाटतो आणि नवख्याचा अडाणीपणा. त्यावर माझ्यापुरता उपाय असा: आसपासच्या ओळी बघायच्या. कवी बाकी सगळीकडे यती सांभाळत असेल तर ही एक मोड ऐकण्यासारखी आहे. सगळीकडेच मोडत असेल तर त्याला यती ऐकूच येत नाही.

आपण बोलताना ‘घर्’ म्हणतो. मग वृत्तात ‘घर’ची दोन अक्षरं कशी?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण मराठी कवितेचा अर्धा झगडा यात आहे. बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. लेखनात तो असतो, आणि अक्षरगणवृत्त व छंद तो पूर्ण उच्चारला आहे असं धरून चालतात. वरच्या अभंगात ‘वाट पाहे घर’ बोलल्यासारखं म्हटलं तर सहा अक्षरं भरतच नाहीत. ‘वाट’मधला ‘ट’ आणि ‘घर’मधला ‘र’ मोकळा सोडला तरच भरतात.

परिणाम असा की अक्षरांवर चालणारी रचना मराठीला बोलण्याच्या वेगापासून थोडं लांब नेते. शब्द सावकाश, सुटे, समोर मांडल्यासारखे होतात. प्रार्थनेला, गाण्याला हे मानवतं. भांडणाला, गप्पांना मानवत नाही.

मात्रावृत्तात मात्र एक गंमत होते. ‘घर’ दोन लघु धरलं तरी दोन मात्रा, आणि ‘घर्’ असा एकच गुरु धरला तरी दोन मात्रा. हिशेब बिघडत नाही. आजच्या बोलीशी मात्रावृत्ताचं इतकं सहज जमतं ते बऱ्याच अंशी या अपघातामुळे, असं मला वाटतं.

ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व केलं तर चालतं?

परंपरेने चालतं. वर ‘अजुन’ लिहून मी ही सूट घेतलीच आहे. शब्द आहे ‘अजून’. एखाद-दोनदा घेतली तर कुणी हरकत घेत नाही. दर ओळीत घेतली की वाचकाला शब्दांऐवजी कवीचा घाम दिसू लागतो.

यमकासाठी अर्थ ओढूनताणून आणावा लागतो, मग यमक हवं कशाला?

ओढूनताणून आणलेलं यमक वाईट, यात वाद नाही. पण चांगलं यमक एक काम असं करतं जे व्याकरणाला करता येत नाही. वाक्यात ज्या दोन शब्दांचं काही नातं नाही त्यांना ते शेजारी बसवतं. अभंगात दुसरा आणि तिसरा चरण जुळतो. माझ्या ओळीत ‘घर’ आणि ‘वाटेवर’ जुळले. घर एका जागी खिळलेलं, वाट जाणारी-येणारी. दोन्हींच्या तोंडी एकच ध्वनी आल्यावर ती दोन टोकं एका दोरीला बांधली गेली, आणि दोरीवर कोणीच नाही हे चौथ्या चरणात कळलं.

मराठीत यमकाचा एक स्थानिक रोग आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि क्रियापदांचे शेवट मोजकेच: आली-गेली, येतो-जातो, होते-नव्हते. त्यामुळे वाक्याचा नैसर्गिक क्रम ठेवला की यमक फुकट मिळतं. फुकट मिळालेल्या यमकाची किंमतही तेवढीच. ‘आली’ला ‘गेली’ भेटली याचं कुणालाच आश्चर्य वाटत नाही. क्रियापद अलीकडे ओढून शेवटी नाम किंवा अव्यय ठेवायला लागलात की यमक अवघड होतं, आणि त्याच वेळी ते काहीतरी बोलायलाही लागतं.

ओवीला बंधन इतकं सैल असताना तिला रचनाबंध का म्हणायचं?

सैल आहे म्हणून ती बिनकामाची आहे असं नाही. ग्रंथातल्या ओवीत तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, यमकाशिवाय, म्हणून तिला साडेतीन चरणी म्हणतात. चरणांतली अक्षरं कमीजास्त होऊ शकतात. ज्ञानेश्वरी (शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०) अशा नऊ हजारांवर ओव्यांत उभी आहे. तत्त्वज्ञान समजावून सांगायचं, एकेका कल्पनेला पाच-पाच दृष्टान्त द्यायचे, आणि तरी ऐकणाऱ्याला पुढच्या विसाव्याची खात्री द्यायची, हे शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांच्या शिस्तीत करून बघा. दमछाक होईल. ओवी लांबते, आखडते, पण दर चौथ्या पावलाला जमिनीवर पाय टेकवते.

आर्या याच्या उलट टोकाची. १२, १८, १२, १५ असा मात्रांचा हिशेब. चार चरणांत गोष्ट संपवायची. मोरोपंतांच्या आर्येत कोटी, चमत्कृती, शब्दांची गुंफण इतकी का खुलते ते या आखूड अंगणावरून कळतं. जागा कमी असली की माणूस शब्द घडी घालून ठेवतो.

गझलेत रदीफ तोच तोच येतो. कंटाळवाणं होत नाही?

रदीफ म्हणजे ओळीच्या शेवटी परत परत येणारा शब्द. तो नुसता परत आला तर होतं. पण तोच शब्द दर वेळी वेगळ्या कामाला लागला तर नाही. या दोन ओळी पाहा:

दार आहे, वाट आहे, पण कुणी येणार नाही
एकटा मी आज आहे, एकटा अंधार नाही

गालगागा चार वेळा, हे व्योमगंगा वृत्त. ‘पण’चे दोन लघु मिळून एक गुरु धरलाय. ‘येणार-अंधार’ हा काफिया, म्हणजे रदीफाआधीचं यमक, आणि ‘नाही’ हा रदीफ. दोन ओळींचा हा मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर. पहिल्या ‘नाही’ने घटना नाकारली: येणं होणार नाही. दुसऱ्या ओळीत कान ‘नाही’ येणार हे जाणून असतो, म्हणून आणखी एक अभाव येईल असं वाटतं. येतं उलटच. एकटा मी आहे. अंधाराला तर माझी सोबत मिळाली, तो एकटा नाही. तोच शब्द, पण पहिल्यांदा काढून घेणारा आणि दुसऱ्यांदा देणारा. पुढच्या शेरांतही हे ‘नाही’ दर वेळी नवं वळण घेईल की नाही, यावर गझल जगते.

गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, हेही रूपातूनच येतं. दर दोन ओळींनी दार लावून घेतलं जातं. म्हणून गोष्ट सलग सांगायला गझल अडते आणि मनाचे वेगवेगळे कोपरे उजळायला सोयीची पडते. मराठीत माधव जूलियन यांनी हा प्रकार रुजवला आणि सुरेश भटांनी तो घरोघरी नेला. त्यानंतर आलेल्या पुष्कळ गझलांत रदीफ हजेरी लावतो आणि खाली बसतो, हेही सांगायला हवं.

सुनीत चौदाच ओळींचं का?

सुनीत म्हणजे इंग्रजीतलं सॉनेट. आकडा परंपरेचा. कामाची गोष्ट आहे ती वळणाची. प्रचलित रूपात पहिल्या आठ ओळी एक बाजू मांडतात, उरलेल्या सहा तिला वळण देतात. आठाला सहा हे समतोल नाही. दुसऱ्या बाजूला जागा कमी, म्हणून ती जास्त ठासून बोलते. केशवसुतांनी १८९२ मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून हा प्रकार मराठीत आणला. ते त्याला चतुर्दशक म्हणत. सुनीत हे नाव नंतरचं. दोन वस्तू समोरासमोर ठेवणारा विषय आणि दोन भागांचा साचा, निवड हुशारीची होती. मराठी सुनीत पुष्कळदा शार्दूलविक्रीडितात लिहिलं जातं, आणि त्या वृत्ताची ओळ स्वतःच १२ आणि ७ अशी दुभंगते. म्हणजे मोठ्या वळणाच्या आधी दर ओळीत एक छोटं वळण.

हायकू?

तीन ओळी, पाच-सात-पाच. मराठीत शिरीष पै यांनी रुळवला. अक्षरं मोजणं हा त्यातला सोपा भाग. एका क्षणाजवळ जाऊन गप्प बसणं अवघड, आणि मराठी माणसाला तर फारच.

मुक्तछंद म्हणजे छंद नसलेली कविता ना?

सांगितलेला छंद नसलेली. लय असतेच, ती मागून आणलेली नसते एवढंच. कवी अनिल यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुक्तछंदाचा आग्रह धरला आणि ‘भग्नमूर्ती’सारखं दीर्घकाव्य त्यात लिहून दाखवलं. त्याच अनिलांनी पुढे दहा ओळींची ‘दशपदी’ हा स्वतःचा बंध घडवला. बंधनातून सुटलेला माणूस आपणहून नवं बंधन बांधतो, हे मला फार बोलकं वाटतं.

मुक्तछंदात वृत्ताचं काम ओळ तोडण्याकडे येतं. पुन्हा तेच दार:

दार उघडं.
कोणी
नाही.

‘कोणी’ एकट्या ओळीवर आलं की निमिषभर कोणीतरी आल्यासारखं होतं. पुढच्या ओळीने ते माणूस पुसून टाकलं. हाच मजकूर ‘दार उघडं. कोणी नाही.’ असा एका ओळीत लिहा. माणूस येतच नाही, मग जाणार कुठून? ओळ तोडण्याला असं कारण असेल तर तो मुक्तछंद. कारण नसेल तर ते गद्यच, एंटर दाबून उभं केलेलं.

वृत्त अचूक आहे, तरी कविता खोटी वाटते. असं का होतं?

बहुतेक वेळा भरतीमुळे. वृत्ताला चार मात्रा हव्यात आणि अर्थ संपलाय, अशा वेळी कवी खिशातला शब्द काढतो. माझ्या खिशात ‘सुंदर’ होता. दोन, एक, एक: चार मात्रा, कुठेही बसतो. माझ्या पहिल्या वहीतल्या एका कवितेत तो तीन ओळींत तीनदा होता. एका जाणत्या वाचकाने तिन्हींवर पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘हे काढून म्हणून बघ.’ म्हणून बघितलं. ताल लंगडला, अर्थाला काडीचा फरक पडला नाही. तेव्हा कळलं की ते तीन शब्द वृत्ताचे नोकर होते, कवितेचे कुणीच नव्हते.

हीच चाचणी आजही करतो. शब्द काढल्यावर फक्त ताल बिघडत असेल तर तो भरतीचा. ताल आणि अर्थ दोन्ही एकदम बिघडत असतील तर तो शब्द आपल्या जागी आहे.

कविता चालीत म्हणावी की बोलल्यासारखी?

दोन्ही, आणि शक्यतो लागोपाठ. निव्वळ चालीत म्हटलं की अर्थ झोपतो. भुजंगप्रयात तर पाळण्यासारखा हलवतो. निव्वळ बोलल्यासारखं म्हटलं की वृत्त कशासाठी होतं ते कळत नाही. वृत्ताची चाल आणि वाक्याची चाल जिथे एकमेकींशी पटवून घेत नाहीत, तिथे बोट ठेवा. कवीने तिथे काहीतरी केलेलं असतं, किंवा त्याचं तिथे काहीतरी फसलेलं असतं. दोन्ही बघण्यासारखं.

भाषांतरात मूळ वृत्त राखायचं का?

मेघदूताची मराठी रूपांतरं करणाऱ्यांपैकी काहींनी मंदाक्रांता राखली, काहींनी मात्रावृत्त पत्करलं. मंदाक्रांता राखली की चाल मिळते, पण मराठीला संस्कृत समासांचा आधार घ्यावा लागतो. मात्रावृत्त घेतलं की मराठी मोकळी होते, पण ते चार जड पावलांचं उघडणं हातचं जातं. माझा कल असा की वृत्ताचं नाव नव्हे, वृत्ताचं काम भाषांतरित करावं. मूळ ओळ वाचकाला कुठे थांबवते, कुठे पळवते ते बघावं आणि आपल्या भाषेत ते ज्याने साधेल ते घ्यावं. हे बोलायला सोपं आहे.

कवी लिहिताना एवढं सगळं मोजतो का?

पोहणारा हात किती अंशात वळवायचा हे मोजत नाही, तसंच. सवयीच्या कवीला पहिली ओळ वृत्तासकटच सुचते. मोजणं येतं नंतर, कुठेतरी खडा लागल्यावर. पण ‘कवीच्या मनात हे नव्हतं’ म्हणून ‘कवितेत हे नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

मला सुरुवात करायची आहे. कुठून करू?

एक वाक्य घ्या, रोजच्या बोलण्यातलं, अलंकार नसलेलं. ते अभंगाच्या ६-६-६-४ मध्ये बसवा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक क्रियापदावर आणू नका. मग तेच ल-गा-गा चारदा या चालीत बसवा. मग तेच मुक्तछंदात लिहा, पण प्रत्येक ओळ जिथे तुटते तिथे ती का तुटली हे समासात एका शब्दात लिहून ठेवा. तिन्ही कागद दोन दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचा. तीनपैकी एका कागदावर असं काहीतरी आलेलं असेल, जे मूळ वाक्यात तुम्ही म्हटलेलंच नव्हतं.